जुन्या इंग्रजीतले स्वभावाचे शब्द : या चुका टाळा

जुनं इंग्रजी वाचताना अनोळखी शब्द सहसा दगा देत नाही. ‘वॅनहोप’ दिसला की आपण निमूट कोश उघडतो, निराशा हा अर्थ सापडतो, काम झालं. घात करतो तो ओळखीचा शब्द.

‘सॅड’ घ्या. चौदाव्या शतकातल्या चॉसर या कवीच्या कथेतली ग्रिसेल्डा ‘भिंतीसारखी सॅड’ आहे. मी पहिल्यांदा भाषांतर केलं तेव्हा बेधडक ‘दुःखी’ लिहून मोकळी झाले. भिंत दुःखी कशी असेल, हे दोन दिवसांनी कच्चं लिखाण मोठ्यानं वाचताना खटकलं. तिथे अर्थ आहे अढळ. शब्द मुळात ‘तृप्त, भरलेला’. मग जड, स्थिर, गंभीर असं करत तो दुःखापर्यंत आला. नवऱ्यानं इतकं छळूनही ग्रिसेल्डा ढळत नाही, हेच त्या कथेचं मर्म, आणि माझ्या एका शब्दानं ते पार पुसून टाकलं होतं. उपमा जुळत नसेल तर आधी शब्दावर संशय घ्या.

‘ह्यूमर’वर तर भलेभले घसरतात. कर्जाची तीन हजार डुकाट नाणी सोडून कर्जदाराच्या अंगचं मांसच का हवं, यावर शेक्सपिअरच्या नाटकातला सावकार शायलॉक भर न्यायसभेत म्हणतो, समजा, हा माझा ‘ह्यूमर’ आहे. इथे विनोद नाही. माझी लहर, माझी मर्जी! रक्त, कफ, पिवळं पित्त आणि काळं पित्त हे शरीरातले चार द्रव म्हणजे ह्यूमर, आणि त्यांच्या मिश्रणावर स्वभाव ठरतो अशी तेव्हाची समजूत होती. पिवळं पित्त जास्त तो ‘कॉलरिक’, म्हणजे तापट. आपल्याकडेही पित्त खवळतंच, त्यामुळे हा शब्द मराठीत छान बसतो. पण तेवढ्यावरून त्रिदोषांचा तक्ता त्यावर चिकटवू नका. वाताला तिकडे जोड नाही, आणि ‘मेलँकली’चं, म्हणजे उदास स्वभावाचं, काळं पित्त आपल्या तिघांत नाही.

अवयवांचंही तसंच. १५८८ साली स्पॅनिश आरमाराचं संकट असताना टिलबरीच्या सैन्यासमोर इंग्लंडची राणी पहिली एलिझाबेथ हिनं केलेलं म्हणून जे भाषण सांगितलं जातं, त्यात ती म्हणते, माझं हृदय आणि ‘स्टमक’ राजाचं आहे. तिथे पोट लिहिलं तर सगळंच ओमफस. धमक लिहा, किंवा सरळ छाती. मराठीत हिंमत छातीतच असते.

‘मूडी’ प्राचीन इंग्रजीत शूर होता. ‘वुड’ म्हणजे लाकूड खरंच, पण वेडापिसाही.

ऑक्सफर्डचा मोठा कोश यासाठीच हाताशी ठेवा. १८८४ ते १९२८ या काळात तो भागाभागांनी निघाला, आणि त्यात प्रत्येक अर्थाखाली सालवार अवतरणं आहेत. पहिलाच अर्थ उचलू नका. आपल्या लेखकाचं साल धरा, त्याच्या आगेमागची चार अवतरणं वाचा आणि मगच मराठी शब्द शोधायला बसा.