नव्या गाडीचे पहिले हजार किलोमीटर आणि ॲव्हरेजचा खरा हिशेब

नवी गाडी ताब्यात आली की कोल्हापूरकर ती आधी अंबाबाईच्या आणि मग जोतिबाच्या दर्शनाला नेतात. दर्शनाला अवश्य जावे. महामार्गावरची वेगाची परीक्षा मात्र किमान पहिल्या हजार किलोमीटरनंतर घ्यावी. नव्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा सिलिंडरच्या भिंतीवर घासत घासत आपली जागा धरतात, आणि त्या नीट बसल्या नाहीत तर ज्वलनाचा दाब निसटतो, ऑइल जळू लागते आणि ॲव्हरेज कायमचे घटते.

सर्वप्रथम गाडीसोबतची पुस्तिका वाचावी आणि तिच्यातील मर्यादा अंतिम मानाव्यात. तिच्यात वेगळे सांगितले नसेल, तर पेट्रोल इंजिन साधारण ३००० आरपीएमच्या (इंजिनाचे मिनिटाला होणारे फेरे) आत ठेवावे. उभ्या गाडीत रेस करू नये. गाडी सुरू करून थोड्या वेळाने सावकाश निघावे.

यापुढची काळजी अनेकांच्या ध्यानात येत नाही. कागल-निपाणीच्या सरळ रस्त्यावर तासभर एकाच वेगाने जाणे इंजिनाला सोपे वाटते, पण रिंगा बसण्यासाठी भार कमी-जास्त होत राहावा लागतो. म्हणून गावे आणि वळणे लागणारा नृसिंहवाडीचा रस्ता या काळात अधिक चांगला. जोतिबाच्या चढाला वरच्या गिअरमध्ये इंजिन कण्हत ठेवणे तर जास्त आरपीएमइतकेच वाईट, तेव्हा वेळीच गिअर उतरवावा. भरगच्च माणसे-सामान घेऊन गगनबावड्याचा घाट तूर्त टाळावा. नवे ब्रेक आणि टायरही पहिले काही शे किलोमीटर पुरती पकड देत नाहीत, त्यामुळे पुढच्या वाहनापासून जास्त अंतर ठेवावे.

ॲव्हरेज मोजताना डॅशबोर्डवरच्या आकड्यावर विसंबू नये. नोझल आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरावी, ट्रिप मीटर शून्यावर आणावे आणि पुढच्या वेळी शक्यतो त्याच पंपावर तशीच टाकी भरावी. ४१० किलोमीटरला २५ लिटर लागले, तर ॲव्हरेज १६.४. जाहिरातीतला आकडा प्रयोगशाळेतील चाचणीचा असतो, तो रस्त्यावर सहसा मिळत नाही. गाळप हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागून वारंवार वेग घ्यावा लागतो, तेव्हाची टाकी वेगळी नोंदवावी. टायरमधील हवा गाडी थंड असताना तपासावी.

पहिली सर्व्हिसिंग झाल्यानंतरच्या दोन-तीन टाक्यांचा आकडाही फारच कमी असेल, तर या नोंदी घेऊन सर्व्हिस सेंटरला जावे.