फुकटच्या पराट्या ट्रॉलीत भरण्याआधी कैऱ्या फोडून पाहा

“भाऊ, वावर मोकळं करायचंय, पराट्या घेऊन जा.” पारोळा-अमळनेरपासून शहाद्यापर्यंत फेब्रुवारीत हा निरोप कुणाला ना कुणाला रोज येतो. पराट्या म्हणजे कापूस वेचून झाल्यावर उरलेली कपाशीची वाळकी झाडं. एकराला साधारण टनभर सरपण, तेही फक्त उपटण्याच्या मेहनतीवर. सिलिंडरचा भाव पाहता नाही कोण म्हणेल? मीही म्हटलं नव्हतं. दोन ट्रॉल्या आणून विहिरीजवळ गंजी रचली. पुढच्या जुलैत गंजीच्या अंगाच्या सहा ओळींत पहिली डोमकळी, म्हणजे आत अळी असलेलं न उमलणारं फूल, दिसली. वावराच्या दुसऱ्या टोकाला तेव्हा एकही नव्हती.

गुलाबी बोंडअळी काडीत राहत नाही. ती राहते शेवटच्या वेचणीत सोडून दिलेल्या कवडी कैऱ्यांत, म्हणजे नीट न उमललेल्या कडक बोंडांत. दोन सरक्या एकमेकींना चिकटवून त्यांच्या पोटात ती महिनोन् महिने न खाता झोपून काढते. ऊन तापलं, पहिला पाऊस पडला की पतंग बाहेर येतात. त्या वेळी कपाशीला पाती (कळ्या)-फुलं नसतील तर अंडी घालायला जागा नाही, पतंग आठ-पंधरा दिवसांत मरतात. पण आपल्याकडे ठिबकवर मे महिन्यातच कपाशी लावायची सवय. म्हणजे उशिरा निघणाऱ्या पतंगांना पाती आयती. नोव्हेंबरात फवाऱ्यामागे फवारा मारणाऱ्या किती जणांच्या बांधावर मी मागच्या वर्षाची गंजी पाहिली, त्याची गणती नाही.

म्हणून पराट्या घ्यायच्या की नाही, ते वावरात उभं राहून ठरवा. वेगवेगळ्या जागची पंचवीस झाडं धरा. त्यांच्यावर लटकलेली प्रत्येक बंद किंवा अर्धवट उमललेली कैरी फोडा. बारीक गोल भोक, पिवळट डागाळलेला कापूस, जोडसरकी दिसली की सरकी नखानं उघडा. पंचवीस झाडांत दोन-तीन जिवंत अळ्या निघाल्या तर ती ट्रॉली जशीच्या तशी घरी नेऊ नका. हा आकडा कुठल्या शिफारशीतला नाही, माझा अंदाज आहे. पण आजवर त्यानं दगा दिलेला नाही.

अळ्या निघाल्या तरी सरपण हवंच असेल तर कैऱ्या तिथेच तोडून गोणीत भरा आणि त्याच दिवशी जाळा. नुसत्या काड्या आणायला हरकत नाही. त्याहून सोपं म्हणजे उपटण्याआधी वावरात मेंढ्या बसवा. ठेलारी मेंढपाळांचा कळप एका दिवसात पाला आणि हिरव्या कैऱ्या साफ करतो, वर लेंडीखत मिळतं. वाळून कडक झालेल्या कवड्या मात्र मेंढ्या सोडतात, त्या हातानंच तोडाव्या लागतात.

गंजी कपाशीच्या वावरात किंवा बांधावर नको, घराजवळ घाला. मेअखेर संपेल एवढीच आणा. उरलेलं श्रेडरमधून काढून खड्ड्यात कुजवा. गंजीजवळ एक कामगंध सापळा (मादीच्या वासानं नर पतंग ओढणारा) लावा, त्यातली वासाची गोळी, म्हणजे ल्यूर, पाकिटावरच्या मुदतीत बदला. गंजीवर धुरळायला पावडर देणारा दुकानदार भेटेलच. चुलीत जाणाऱ्या काडीवर विष टाकू नका, त्याचा धूर भाकरी थापणारीच्या छातीत जातो. “या वाणावर अळी येतच नाही” असं सांगून आत्ताच बियाण्याचे पैसे मागणाराही भेटेल. बोंडअळी मारणारं जनुक घातलेल्या बीटी-2 कपाशीला ही अळी जुमानत नाही, हे 2017 च्या हंगामात सगळ्यांनी पाहिलं आहे.

फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही आणखी कापसासाठी राखलेली कपाशी, ठेवलेली असेल तर आज उपटा. दोन क्विंटल कापसापायी गावभर अळी पोसू नका.

बाकी फुकट लाकडाचं थोडक्यात. तुराट्या (तुरीच्या काड्या) मिळाल्या तर डोळे झाकून घ्या, भरिताची वांगी त्यांच्यावरच भाजावीत. बाभूळ आणि वेडी बाभूळ यांचा निखारा टिकतो, पण काटे ट्रॉलीच्या टायरचा जीव घेतात. शेवगा, पांगारा नुसती राख. कण्हेर चुलीजवळही नको, ती विषारी. रंग दिलेल्या फळ्या, प्लायवूडही नको. वाळलेल्या ओंडक्याच्या टोकाला चिरा दिसतात, दोन तुकडे आपटले की टणक आवाज येतो. ओलं ‘थप्प’ वाजतं. रस्त्याकडेचं झाड परवानगीशिवाय तोडू नका, आणि यावल अभयारण्यातून मोळी आणणं गुन्हा आहे.

इतर कामे:
- गहू: दाणे भरताना पाणी चुकवू नका.
- हरभरा: घाटे वाळताच काढणी, सकाळच्या गारव्यात.
- केळी: घड झाका, झाडांना टेकू द्या.
- कपाशीचं रिकामं वावर: खोल नांगरट, उन्हात तापू द्या.

पुढच्या हंगामासाठी आत्ताच डायरीत लिहून ठेवा: बागायती कपाशीची घाई नको, लागवड जूनमध्येच. कामगंध सापळे हेक्टरी पाच. सलग तीन रात्री दर सापळ्यात रोज आठ पतंग आले किंवा शंभरात पाच-दहा कैऱ्या किडलेल्या निघाल्या, तरच कीटकनाशकाचा विचार. तोवर 5 टक्के निंबोळी अर्क. निंबोळ्या मे-जूनमध्ये झाडाखाली फुकट पडतात, त्या मात्र कैऱ्या न फोडता गोळा करा.