पोरांना घेऊन बेन टेनचा लाइव्ह-अ‍ॅक्शन पिक्चर काढायचाय? आधी एलियन नीट निवडा

मे महिन्याच्या सुट्टीत चुलत-मावस भावंडं एका घरात जमली आणि टीव्हीवर बेन टेन चालू असलं की कुणीतरी म्हणतंच, आपणपण याचा पिक्चर काढूया ना, खऱ्या माणसांचा. काढा की! फोन आहे, गच्ची आहे, आणि गोष्ट तर जवळजवळ आपल्याच घरातली आहे, दहा वर्षांचा पोरगा बेन, त्याची चुलत बहीण ग्वेन, आजोबा मॅक्स, तिघं सुट्टीत जुन्या गाडीतून भटकतायत, बहीणभाऊ दिवसभर भांडतायत, आणि मधेच मनगटावरचं ओम्नीट्रिक्स नावाचं घड्याळ दाबलं की पोरगा एलियन होतो. कास्टिंग घरातच होऊन जातं. आजोबांना फक्त आधी विचारा, दुपारच्या झोपेच्या वेळी शूटिंग ठेवू नका.

आता खरी अडचण. सगळ्या पोरांना हीटब्लास्टच व्हायचं असतं, म्हणजे तो पेटलेला. तो नाही करायचा. आगीशी खेळ नको हे तर आहेच, पण घरी केलेला हीटब्लास्ट कसाही केला तरी नारिंगी कागद चिकटवलेला पोरगाच दिसतो. मोठे स्टुडिओसुद्धा कार्टूनमधलं सगळं खऱ्यात आणत नाहीत, काय सोडायचं ते आधी ठरवतात. १९८७ च्या हि-मॅनच्या पिक्चरमधून हवेत तरंगणारा ऑर्को सरळ काढूनच टाकला, त्याच्या जागी ग्विल्डोर नावाचा एक बुटका मेकअप करून आणला, आणि गोष्टीचा मोठा भाग हि-मॅनचं जग, म्हणजे इटर्निया सोडून पृथ्वीवरच्या एका अमेरिकन गावात घडवला, कारण अख्खा इटर्निया उभा करायचा म्हणजे खर्च. खुद्द कार्टून नेटवर्कने २००७ मध्ये बेन टेनचा ‘रेस अगेन्स्ट टाइम’ नावाचा लाइव्ह-अ‍ॅक्शन टीव्ही पिक्चर काढला, डायरेक्टर अ‍ॅलेक्स विंटर, बेन झाला ग्रॅहम फिलिप्स, आजोबा ली मेजर्स. त्यातपण एलियन थोडा थोडा वेळच दिसतात, बाकी शाळा, घर, गाव. कॉम्प्युटरवर केलेला एलियन सेकंदाला पैसे खातो हो.

आणि काही गोष्टी खऱ्या चेहऱ्यावर बसतच नाहीत. पॉवरपफ गर्ल्सचे ते बशीएवढे डोळे खऱ्या पोरीला कसे लावणार? २०२१ मध्ये अमेरिकेत त्या तिघींना मोठ्या झालेल्या दाखवून सिरियलचा पायलट, म्हणजे नमुन्याचा पहिला भाग, शूट केला, तो कधी टीव्हीवर आलाच नाही. उलट १९९० चा निन्जा टर्टल्स बघा, जिम हेन्सनच्या वर्कशॉपने रबराचे सूट बनवले, आत एक माणूस आणि चेहऱ्याच्या मोटरी बाहेरून रिमोटने हलवणारा दुसरा, आणि तरी चौघांपैकी कोण कोण हे तुम्ही ओळखता ते डोळ्यांवरच्या पट्टीच्या रंगावरून. निळी लिओनार्डो, लाल राफेल, जांभळी डोनाटेलो, नारिंगी मायकलँजेलो. हे लक्षात ठेवा, हुबेहूब करायच्या भानगडीत पडू नका, ज्या एका खुणेवरून पोरं कॅरेक्टर ओळखतात ती पक्की करा. आपल्याकडे २०२४ ला छोटा भीमचा लाइव्ह-अ‍ॅक्शन आला तेव्हापण धोतर आणि लाडू नसते तर कोण भीम म्हणणार होतं.

तर बेनची खूण म्हणजे घड्याळ. जुन्या रिस्टवॉचचा काळा पट्टा घ्या, त्यावर बरणीचं काळं झाकण फेव्हीक्विकने चिकटवा (हे काम मोठ्यांनी करायचं, पोरांची बोटं चिकटतात), आणि वर हिरव्या रेडियमचा डमरूचा आकार. रेडियम नाक्यावर गाड्यांच्या नंबर प्लेटी करणाऱ्याकडे मिळतं, तुकडा मागितला तर बरेचदा फुकट देतो. लाल रेडियमचा एक तुकडापण आणा, तो लागणार आहे. कपडे सोपे, पांढरा टी-शर्ट मधोमध काळी पट्टी मारलेला आणि हिरवी पँट. आणि इथेच एक सूचना, यूट्यूबवर बघून हिरवा कपडा लावून क्रोमा, म्हणजे मागचा रंग सॉफ्टवेअरने काढून तिथे दुसरं चित्र टाकायची ट्रिक, करायला जाऊ नका. घड्याळ हिरवं, पँट हिरवी, सॉफ्टवेअर ते सगळं खाऊन टाकतं आणि तुमचा बेन कमरेवरचाच उरतो. करायचाच असेल तर निळी चादर लावा. मी तर म्हणेन क्रोमा विसराच, खाली जे सांगतोय ते सगळं क्रोमाशिवाय होतं.

पहिल्या सीझनच्या सुरुवातीच्या दहा एलियनमधून घरी चांगले होणारे चारच आहेत, ग्रे मॅटर, फोर आर्म्स, एक्सएलआरएट आणि घोस्टफ्रीक. स्टिंकफ्लाय उडतो, रिपजॉज पाण्यातला, डायमंडहेडला अख्खं अंग चकचकीत पाहिजे, सोडा ते.

ग्रे मॅटर माझा सगळ्यात आवडता कारण त्याला खर्च शून्य. तो साधारण पाच इंचांचा. गच्चीवर स्टीलचा डबा जमिनीवर ठेवा, फोनपासून दोन फुटांवर, आणि पोरगा उभा करा वीस फुटांवर. चार फुटांचं पोर डब्याच्या दहापट लांब गेलं की डब्याच्या बाजूला पाच इंचांचं दिसतं, हिशोब एवढाच. फक्त फोन जमिनीला टेकलेला पाहिजे, आडवा करून असा फिरवा की लेन्सचा कोपरा खाली येईल, मग डबा आणि पोराचे पाय यांच्यामधली सगळी फरशी चपटी होऊन रेघेएवढी होते आणि दोघं एकाच जागी उभे आहेत असं वाटतं. पोर्ट्रेट मोड बंद, नाहीतर मागचा धूसर होतो आणि पितळ उघडं पडतं. साधी वन-एक्स लेन्स, भरपूर उजेड. आता गंमत अशी की पोराला ‘डब्याकडे बघ’ सांगितलं तर तो खऱ्या डब्याकडे बघतो, म्हणजे थेट कॅमेऱ्यात. त्यामुळे डबा फ्रेममध्ये ज्या बाजूला असेल त्या बाजूला, त्याच्यापासून दोन हातांवर, एक माणूस फ्रेमबाहेर उभा करा आणि पोराला त्याच्या डोक्याकडे बघत ‘बापरे केवढा मोठा डबा’ म्हणायला लावा. त्याने हवेत ढकलल्याची अ‍ॅक्टिंग करायची आणि त्याच वेळी दुसऱ्याने डब्याला बांधलेला दोरा बाजूने ओढायचा. दोऱ्याला काळा रंग नको, फरशीच्या रंगाचा घ्या. हा एक शॉट जमला की पोरं दिवसभर तुमच्या मागे फिरतात.

फोर आर्म्सला बाबांचा जुना लाल टी-शर्ट लागतो, मोठ्यातला मोठा. काखेखालची शिवण दोन्हीकडून उसवा. पुढे मोठा पोरगा, त्याच्या पाठीला चिकटून छोटा, दोघं एकाच टी-शर्टात, छोट्याचे हात उसवलेल्या जागेतून बाहेर. कपाळावर काजळाने आणखी दोन डोळे. फोन खालून वर धरा, फोर आर्म्स बारा फुटांचा आहे आणि तुमचा पोरगा नाही. बाजूने एकही शॉट घ्यायचा नाही. आतल्या छोट्याला काही दिसत नाही, म्हणून खुणा ठरवा, ‘एक’ म्हटलं की मुठी, ‘दोन’ म्हटलं की कमरेवर हात, नाहीतर वरचे हात मारतायत आणि खालचे नाक खाजवतायत असं होतं. तसं झालं तरी ठेवा म्हणा, सगळ्यात जास्त हशा त्यालाच येतो.

एक्सएलआरएट म्हणजे स्पीड. स्टॅच्यू खेळता येतो ना पोरांना? झालं मग. बाकीच्यांनी स्टॅच्यू, श्वाससुद्धा हळू, आणि एक्सएलआरएट झालेल्या पोराने शांतपणे चालत जाऊन एकाची टोपी दुसऱ्याला घालायची, तिसऱ्याच्या हातातला आंबा पळवायचा. एडिटिंगमध्ये क्लिप आठपट फास्ट करा. सगळे जागच्या जागी आणि तो सुसाट. संध्याकाळी साडेसहाच्या उजेडात घेतलंत तर फोन आपोआप शटर हळू करतो आणि थोडा ब्लर येतो, तो छान दिसतो. पळायला लावू नका, गच्चीवर तर नाहीच.

घोस्टफ्रीक म्हणजे भुतासारखा, आरपार दिसणारा. दोन टेकचं काम, फोन न हलवता आधी रिकाम्या खोलीचा शॉट, मग त्यात पोरगा, आणि दुसरी क्लिप पहिलीवर लेयर म्हणून टाकून अर्धी पारदर्शक करायची. काइनमास्टरसारख्या लेयरवाल्या अ‍ॅपमध्ये ओपॅसिटीची पट्टी असते, ती पन्नासवर आणा. भिंत आरपार दिसते.

आता बेनचा एलियन होतो कसा ते. फोन ट्रायपॉडवर, ट्रायपॉड नसेल तर खुर्चीवर पुस्तकांच्या गठ्ठ्यात घट्ट बसवा. स्क्रीनवर बोट दाबून धरा म्हणजे फोकस आणि उजेड लॉक होतो, हे विसरलात तर कट झाल्यावर अख्खी फ्रेम एकदम काळवंडते किंवा उजळते आणि जोड दिसतो. बेन घड्याळावर हात आपटतो, तुम्ही ओरडता ‘स्टॅच्यू’, बाकी सगळे जिथल्या तिथे थिजतात, बेन निघून जातो, त्याच्या पायांच्या जागी खडूची खूण, तिथे फोर आर्म्स त्याच पोझमध्ये उभा राहतो, ‘चालू’. रेकॉर्डिंग बंद करायचंच नाही, मधला भाग नंतर कापा. जोडावर फक्त तीन-चार फ्रेम हिरवा रंग भरा, गॅलरीत एक हिरवी इमेज करून ठेवली की झालं, कार्टूनमधला तो फ्लॅश मिळतो आणि पोझमधला फरकपण लपतो. घोस्टफ्रीक व्हायचा असेल तर ‘चालू’ म्हणायच्या आधी रिकामी जागा पाच सेकंद तशीच शूट होऊ द्या, तोच तुमचा रिकामा शॉट.

ही ट्रिक काही नवीन नाही, फ्रान्सचा मेलिएस १८९६ पासून असंच कॅमेरा थांबवून माणसं गायब करत होता, आणि आपले दादासाहेब फाळके ट्रिक सीनमध्ये वस्तादच, १९१९ च्या ‘कालिया मर्दन’मध्ये त्यांनी बाळकृष्ण केला स्वतःच्या लेकीला, मंदाकिनीला. घरचीच पोरं घेऊन सुपरहिरोचा पिक्चर काढायची पद्धत आपल्याकडे शंभर वर्षांहून जुनी आहे, तेव्हा बायको किंवा नवरा ‘हे काय चाललंय’ म्हणाला तर हे सांगा.

गोष्ट कशी लिहायची? कार्टूनने दोन सवलती देऊन ठेवल्यात, त्या वापरा. एक म्हणजे घड्याळ बेनला पाहिजे तो एलियन बरेचदा देतच नाही, मागतो एक होतो भलताच. म्हणजे बेनला हीटब्लास्ट हवाय असं जोरात ओरडू द्या आणि होऊ द्या ग्रे मॅटर, पोरांचा हट्टपण राहिला आणि तुमचं कामपण वाचलं. दुसरी म्हणजे थोड्या वेळाने घड्याळ लाल होऊन टूंटूं करतं आणि बेन परत साधा पोरगा होतो, नेमका नको तेव्हा. लाल रेडियम यासाठीच. मग शेवटची फाइट ग्वेन जिंकते, डोकं वापरून, आणि ग्वेन करणारी पोरगी नाराज होत नाही. व्हिलन एकच ठेवा, काका असला तर उत्तम. पाच मिनिटांच्या वर लांबवू नका.

आवाजाचं म्हणाल तर गच्चीवर वारा असतो, फोनमध्ये नुसतं भुर्रर्र येतं, त्यामुळे प्रत्येक शॉट झाला की लगेच सावलीत किंवा खोलीत सगळ्यांना गोल बसवून तेच डायलॉग दुसऱ्या फोनवर रेकॉर्ड करून घ्या, संध्याकाळवर टाकलंत तर निम्मी पोरं झोपलेली असतात. घड्याळाचा आवाज बॉलपेनच्या खटक्याने होतो.

सेफ्टीचं एकदाच पण कडक सांगा, उड्या फक्त जमिनीवरून गादीवर, कठड्याजवळ कुणी नाही, काच नाही, माचीस नाही. शक्तिमानच्या वेळी पोरं नक्कल करायला जाऊन जखमी झाल्याच्या बातम्या यायच्या, आणि मुकेश खन्ना कार्यक्रमातच पोरांना असलं करू नका म्हणून समजावायचे. उडायचा सीन पाहिजेच असेल तर जमिनीवर पालथं झोपवून निळ्या चादरीवर वरून शूट करा.

झालेला पिक्चर घरच्या टीव्हीवर लावा, प्रोजेक्टर मिळाला तर सोसायटीच्या भिंतीवर. यूट्यूबवर टाकायचा असेल तर अनलिस्टेड ठेवा, एक तर लहान पोरांचे चेहरे आहेत, दुसरं म्हणजे बेन टेन हे दुसऱ्याच्या मालकीचं कॅरेक्टर आहे, त्यावर पैसे कमवायचे नाहीत, आणि कार्टूनचं टायटल म्युझिक जसंच्या तसं लावलंत तर कॉपीराइट क्लेम येऊ शकतो. त्यापेक्षा पोरांनाच ते तोंडाने म्हणायला लावा, ताटावर चमच्याचा ठेका धरून. आणि शेवटच्या नावांच्या पाटीवर दोरा ओढणाऱ्याचं नावपण घाला, नाहीतर पुढच्या पिक्चरला तो येत नाही.