वजन वाढत होतं, पण सगळं पोटावर: माझा अनुभव

लक्षण: सहा महिने जिम, वजन ६२ वरून ६८ किलो, दंड होते तसेच, पँट मात्र कमरेत बसेना.

आधी मास गेनर (वजन वाढवायची पावडर), केळ्याचे शेक आणि 'भरपूर खा' हा सल्ला झाला. इंदुरात तो पाळायला कष्ट पडत नाहीत: सकाळी पोहे-जिलबी, थंडीत सराफ्यात, म्हणजे रात्रीच्या खाऊबाजारात, गराडू (तळलेला कंद). मग घाबरून रात्रीचं जेवण सोडलं. वजन ६५ झालं, ताकदही गेली. फार वैतागलो.

लागू पडलं ते असं. आधी दोन आठवडे नेहमीचंच खाल्लं, पण मोजून लिहिलं. वजन २३०० कॅलरींवर स्थिर होतं. त्यात फक्त २०० वाढवल्या. मग प्रथिनं, किलोमागे १.६ ग्रॅम, म्हणजे साधारण १०५. चार अंडी २४, ५० ग्रॅम कोरडी सोयाबीन वडी २६, १०० ग्रॅम पनीर १८, अर्धा लिटर दूध १६. उरलेली वरण, दही, पोळ्यांतून. (आई वडीला रबर म्हणते. रश्शात खपते.)

मग वही, किती वजन उचललं ते लिहायला. खरी चूक इथेच होती, सहा महिने तीच वजनं उचलत होतो. आता आठवड्यातून चार दिवस, प्रत्येक स्नायू दोनदा, ८ ते १२ रेप्सचे (सलग उचलण्याचे) तीन सेट, म्हणजे तीन फेऱ्या. तिन्ही सेटमध्ये १२ जमले की पुढच्या वेळी अडीच किलो जास्त.

दर रविवारी आठवडाभराच्या वजनाची सरासरी काढतो आणि बेंबीपाशी कंबर मोजतो. महिन्यात कंबर एक सेंटीमीटरहून जास्त वाढली तर १०० कॅलरी भातातून कमी. प्रथिनांना हात नाही.

पाच महिन्यांत अडीच किलो वाढलं, कंबर जागेवर. रविवारची जिलबी चालूच आहे, एकच.