नावावर जाऊ नका: घातक रसायनं शिकायला बसणाऱ्यांसाठी

केमिकल प्लांटमध्ये सेफ्टीला, स्टोअरला किंवा प्रॉडक्शनला नवा माणूस लागला की तो घातक रसायनांची यादी घेऊन पाठ करायला बसतो. क्लोरीन विषारी, सल्फ्युरिक भाजतं, अमोनिया झोंबतो, बेंझिनने कॅन्सर होतो. मुलाखतीपुरती ही यादी पुरते, टाकीपाशी उभं राहिल्यावर पुरत नाही. तिथे विचारावं लागतं की हे रसायन कशापासून बनलं, किती टक्क्यांचं आहे, त्यात पाणी किती आहे आणि सोबत काय आलंय. सुरुवातीला हे सगळं डोक्यावरून जातं. जाऊ द्या. आज ज्यांना सगळं येतं असं तुम्हाला वाटतं, त्यांचंही गेलं होतं.

एसडीएस (रसायनासोबत येणारं सुरक्षा माहितीपत्रक) म्हणजे काय आणि कुठल्या कामाला कुठले हातमोजे, एवढं तुम्हाला माहीत आहे असं धरून पुढे जाऊ.

धीर देणारी गोष्ट आधी सांगतो. रसायनं शेकडो असली तरी त्यांचं मूळ मोजक्याच मालात आहे: मीठ, गंधक, हवा, नैसर्गिक वायू, नाफ्था आणि थोडी खनिजं. गंधक घ्या. आज ते मुख्यतः तेल आणि वायू शुद्ध करताना मिळतं. डिझेलमधलं गंधक हायड्रोजनने काढलं की हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. क्लाउस युनिटमध्ये त्याचं परत गंधक होतं. ते जाळून सल्फर डायऑक्साइड, मग व्हॅनेडियम पेंटॉक्साइडच्या उत्प्रेरकावर साधारण ४२० ते ४५० अंशांना सुरुवात करून सल्फर ट्रायऑक्साइड. हा वायू थेट पाण्यात सोडला तर न आवरणारं ॲसिडचं धुकं होतं, म्हणून तो ९८ टक्के सल्फ्युरिकमध्येच शोषून घेतात. त्या सल्फ्युरिकचा सगळ्यात मोठा वाटा फॉस्फेट खतांकडे जातो. फ्लोरस्पार या खनिजावर तेच सल्फ्युरिक टाकलं की हायड्रोजन फ्लोराइड मिळतो, आणि तो पुढे रेफ्रिजरंटकडे आणि ॲल्युमिनियम उद्योगाकडे जातो. एवढी एक साखळी नीट कळली की यादीतली चार-पाच नावं एकदम जागेवर बसतात.

मिठाचंही तसंच. मिठाच्या पाण्याचं विद्युत अपघटन केलं की १ टन क्लोरीनमागे साधारण १.१ टन कॉस्टिक सोडा आणि २८ किलो हायड्रोजन मिळतो. यातलं एक हवं आणि दुसरं नको, असं करता येत नाही. म्हणजे क्लोरीनच्या प्लांटमध्ये हायड्रोजन असणारच, मग तो बोर्डवर लिहिलेला असो वा नसो. क्युमीन मार्गाने फिनॉल करताना दर टनामागे सुमारे ०.६ टन ॲसिटोन येतं, तेही असंच. फिनॉलच्या प्लांटला जाताना फक्त फिनॉलचा एसडीएस वाचणारा माणूस अर्धाच प्लांट वाचून जातो.

आता मुद्द्याचा सापळा. याच्यावर जास्त वेळ घालवतोय, कारण हुशार माणसंही यात सापडतात.

९८ टक्के सल्फ्युरिक साध्या एमएसच्या (माइल्ड स्टील, म्हणजे साध्या पोलादाच्या) टाकीत वर्षानुवर्षं राहतं. नव्या माणसाला हे पटतच नाही: एवढं जहाल ॲसिड आणि लोखंडाची टाकी? तीव्र ॲसिड पोलादावर आयर्न सल्फेटचा थर बसवतं आणि तो थर त्या ॲसिडमध्ये जवळजवळ विरघळत नाही. थर शाबूत आहे तोवर खालचं पोलाद वाचतं. म्हणूनच एमएसच्या लाइनमध्ये ॲसिडचा वेग सेकंदाला साधारण १ मीटरच्या आत ठेवतात. त्याहून जोरात गेलं तर एल्बोवरचा थर खरवडला जातो आणि पाइप तिथेच पातळ होतो.

या टाकीत पाणी घाला आणि सगळं चित्र उलटतं. ॲसिड ७० टक्क्यांच्या खाली आलं की थर टिकत नाही, ॲसिड सरळ पोलाद खायला लागतं आणि हायड्रोजन सुटतो. शाळेत ‘पातळ म्हणजे सौम्य’ असं डोक्यात बसलेलं असतं. कातडीपुरतं ते काही अंशी खरं. एमएसच्या टाकीसाठी पातळ सल्फ्युरिक हेच जास्त घातक.

हे घडतं कसं ते बघा. दुरुस्तीसाठी टाकी रिकामी केली, मॅनहोल उघडलं, होस लावून थोडं पाणी मारलं आणि जेवायला गेले. तळाशी सल्फेटचा गाळ आहे आणि गाळात ॲसिड अडकलेलं आहे. पाणी त्यात मुरतं, गाळ तापतो आणि हायड्रोजन तासन्तास निघत राहतो. तो हलका असल्याने छताखाली आणि ब्लाइंड मारलेल्या (धातूच्या चकतीने बंद केलेल्या) नोझलच्या पोकळीत साचतो. हवेत ४ टक्क्यांपासून ७५ टक्क्यांपर्यंत तो पेट घेतो आणि त्याला ठिणगीही अगदी क्षुल्लक पुरते. सकाळी मॅनहोलच्या तोंडाशी गॅस मीटर धरला, शून्य आलं, परमिटवर सही झाली. दुपारी वेल्डर छतावर चढतो. सकाळच्या शून्याचा आणि दुपारच्या छताचा काहीही संबंध नसतो. असल्या सहीने माणसं मेली आहेत.

बरोबर क्रम असा. आधी पंपाने शक्य तेवढं ॲसिड उपसा. मग टाकीला जोडलेल्या प्रत्येक लाइनवर ब्लाइंड टाका. नुसता व्हॉल्व्ह बंद करणं म्हणजे आयसोलेशन नव्हे, सल्फ्युरिकचे व्हॉल्व्ह गळतात. धुणं सुरू करण्याआधी टाकीवरचं आणि आसपासचं सगळं हॉट वर्क (वेल्डिंगसारखं ठिणगीचं काम) बंद करा, व्हेंट मोकळे करा, हवा खेळती ठेवा आणि माणसं लांब ठेवा, कारण उरलेल्या ॲसिडवर पडणारं पहिलं पाणी उसळतं. एकदा पाणी सोडलं की अर्ध्यावर थांबायचं नाही. भरपूर आणि सलग पाणी, म्हणजे पातळ ॲसिडचा टप्पा लवकर ओलांडला जातो. बाहेर येणाऱ्या पाण्याचा पीएच बघत राहा. शेवटी सोडा ॲशच्या द्रावणाने उदासीन करा. त्यातून कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणून आत उतरण्याआधी ऑक्सिजन मोजणं आलंच. गाळ काढा, तो ठेवून पुढे जाऊ नका. मग गॅस टेस्ट, तीही छताच्या सगळ्यात उंच जागी आणि प्रत्येक नोझलमध्ये, आणि काम चालू असेपर्यंत सतत. टाकी नायट्रोजनने पर्ज केली (आतली हवा हटवली) असेल तर साधा कॅटॅलिटिक एलईएल मीटर (ज्वालाग्राही वायू मोजणारा) खोटा कमी आकडा दाखवतो, कारण त्या सेन्सरला जळायला ऑक्सिजन लागतो.

हाच सापळा हळू चालीनेही येतो. व्हेंटमधून दमट हवा आत जाते, वरच्या भिंतीवर राहिलेला ॲसिडचा ओशट थर तिच्यातला ओलावा पितो आणि पातळ होतो. म्हणून जाडी मोजताना द्रवाच्या पातळीच्या वरची भिंत आणि छत सोडू नका. नवे लोक तळच तपासतात.

पाण्याचा प्रश्न प्रत्येक रसायनाला वेगळा लागू होतो. कोरडा क्लोरीन साध्या पोलादात शांत असतो, ओला झाला की त्याच पोलादाची चाळण करतो. टायटॅनियमचं नेमकं उलट: ओल्या क्लोरीनला उत्तम, कोरड्या क्लोरीनमध्ये चक्क पेटतं. ‘टायटॅनियम भारी, सगळीकडे चालेल’ असं म्हणणाऱ्याला क्लोरीनच्या लाइनला हात लावू देऊ नये. आणि निर्जल अमोनियात उलट थोडं पाणी मुद्दाम ठेवतात, वजनाने किमान ०.२ टक्के, कारण त्याशिवाय पोलादाच्या टाकीला ताणाखाली तडे जाण्याचा धोका वाढतो. एकाला पाणी वर्ज्य, दुसऱ्याला चिमूटभर हवंच. हे पाठ करून राहत नाही. प्रत्येक रसायनासमोर ‘पाणी आलं तर काय?’ हा एक रकाना स्वतःच्या हाताने भरा. मिथाइल आयसोसायनेटसमोर तो भरताना १९८४ चं भोपाळ आठवेल. कीटकनाशकाच्या वाटेवरचं हे मधलं रसायन साठवून ठेवलं होतं, त्याच्या टाकीत पाणी शिरलं आणि अभिक्रिया आवरता आली नाही.

उगम कळला नाही तर काय होतं याचं दुसरं उदाहरण हायड्रोक्लोरिकचं. बरंचसं हायड्रोक्लोरिक मुद्दाम बनवलेलं नसतं. सेंद्रिय पदार्थांच्या क्लोरिनेशनमधून ते जोडउत्पादन म्हणून निघतं आणि स्टील पिकलिंगसारख्या (पोलादावरचा गंज ॲसिडने काढण्याच्या) कामांना जातं. टक्केवारी तीच, रंगही तोच, पण त्यात क्लोरोबेंझिनसारखं काही अंशानेही राहिलं असेल तर टाकीचं रबर लायनिंग फुगतं, सुटतं आणि ॲसिड मागच्या पोलादापर्यंत पोचतं. पुरवठादार बदलला की नुसती टक्केवारी न बघता हे ॲसिड कुठल्या प्रक्रियेतून आलं ते विचारा. विचारायला लाजू नका, उत्तर टाळणाऱ्याचा टँकर रिकामा करून घेऊ नका.

स्पेंट ॲसिडचं तर विचारूच नका. रिफायनरीच्या अल्किलेशनमधून (पेट्रोलचा घटक बनवण्याच्या प्रक्रियेतून) आलेल्या वापरलेल्या सल्फ्युरिकमध्ये हायड्रोकार्बन असतात. १७ जुलै २००१ रोजी अमेरिकेतल्या डेलावेअर सिटीच्या रिफायनरीत अशाच टाक्यांपाशी हॉट वर्क चालू होतं. गंजून भोकं पडलेल्या टाकीतली ज्वालाग्राही वाफ पेटली, स्फोटात एक कामगार गेला, आठ जण जखमी झाले. ‘सल्फ्युरिक पेटत नाही’ हे वाक्य पुस्तकात बरोबर आहे. त्या टाकीला ते लागू नव्हतं.

अभ्यासाबद्दल माझी मतं ठाम आहेत. एसडीएसचे १६ विभाग पहिल्यापासून वाचू नका. आधी ३, म्हणजे आत नेमकं काय आणि किती. मग ९ आणि १०, म्हणजे गुणधर्म आणि कशाशी बिनसतं. दुसऱ्या विभागातली लाल चौकटीतली चित्रं त्यानंतर, तेव्हा ती आपोआप कळतात. एका पानाच्या तयार नोट्स आणि रंगीत सुसंगतता तक्ते भिंतीला ठीक. त्यांच्यावर निर्णय घेऊ नका, कारण त्यात टक्केवारी नसते, आणि वरचा सगळा सापळा टक्केवारीचाच आहे.

गुरूही निवडून घ्या. प्रत्येक प्रश्नाला खुर्चीतून झटपट उत्तर देणारा वरिष्ठ फार उपयोगाचा नाही. पी अँड आयडी (पाइप आणि उपकरणांचा नकाशा) हातात घेऊन तुमच्याबरोबर टँकर अनलोडिंगपासून डे टँकपर्यंत (रोजच्या वापराच्या टाकीपर्यंत) लाइन चालत जाणारा ऑपरेटर मिळाला तर त्याला सोडू नका. मात्र ‘आम्ही वर्षानुवर्षं असंच करतो’ हे कारण त्याच्याकडूनही ऐकून घेऊ नका. एक लाइन पूर्ण समजायला आठवडा लागला तरी चालेल. तेवढा वेळ लागतोच, त्यात तुमचं काही कमी नाही.

दोन गोष्टींत मात्र शिकत शिकत जायला सवड नसते. हायड्रोजन सल्फाइडसाठी नाकावर भरवसा ठेवू नका. थोडा असताना सडक्या अंड्याचा वास येतो, १०० पीपीएमच्या आसपास घ्राणशक्तीच बधिर होते. वास गेला म्हणजे गॅस गेला, असं समजून माणूस पुढे चालत जातो. छातीवर मीटर, तोही रोज बम्प टेस्ट केलेला (थोडा गॅस देऊन चालतो का ते पाहिलेला), आणि कुणी पडलेला दिसला तर एससीबीए (स्वतःची हवा असलेला श्वसनसंच) चढवल्याशिवाय त्याच्याकडे धावायचं नाही.

दुसरी हायड्रोफ्लोरिक. सौम्य द्रावण अंगावर पडलं तर लगेच दुखतही नाही, वेदना काही तासांनी सुरू होते. तोवर फ्लोराइड आत शिरून शरीरातलं कॅल्शियम बांधत असतो, आणि रक्तातलं कॅल्शियम उतरलं की हृदय बंद पडू शकतं. दुखत नाही म्हणून शिफ्ट संपेपर्यंत थांबायचं नाही. लगेच पाण्याने धुवायचं, कॅल्शियम ग्लुकोनेट जेल चोळत राहायचं आणि दवाखान्यात जाताना सोबत एसडीएस न्यायचा, कारण प्रत्येक डॉक्टरने ही जखम पाहिलेली असेलच असं नाही. तुमच्या प्लांटमध्ये हे ॲसिड असेल तर उद्या ड्युटीवर गेल्यावर ते जेल कुठल्या कपाटात आहे, कपाटाला कुलूप आहे का आणि ट्यूबवरची मुदत संपली आहे का, एवढं आधी बघून घ्या.