टॉप मॉडेल घ्यायचं की मधलं?

गाडी कुठली घ्यायची यावरून आमच्या घरात फारसं वाजलं नाही. वाजलं ते व्हेरियंटवरून. शेवटी मी ब्रोशरचा तो बारीक अक्षरांतला तक्ता आणि पेन्सिल घेऊन बसले.

प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारायचा: हे नंतर बाहेरून बसवता येईल का? सीट कव्हर, स्पीकर, रिव्हर्स कॅमेरा येतात, म्हणून त्यांवर काट. एअरबॅग, ईएससी, ड्रायव्हर सीटची उंची कमीजास्त करायची सोय हे नंतर जमत नाही, त्यांना गोल. (ईएससी म्हणजे वळणावर गाडी घसरायला लागली की एकेका चाकाचा ब्रेक वेगळा लावून तिला सावरणारी यंत्रणा. सनरूफआधी ही बघा.) सगळे गोल ज्या सर्वांत स्वस्त व्हेरियंटमध्ये बसतात, तिथे थांबायचं.

सीटच्या उंचीला मी दोनदा गोल केला. मी जेमतेम पाच फूट. आधीची गाडी बेस मॉडेल होती, ती कित्येक वर्षं उशीवर बसून चालवली. जोरात ब्रेक दाबला की उशी पुढे आणि मी मागे! मागचा वायपरही गोलातच. हॅचबॅकच्या उभ्या पाठीमागे हवा भोवरा घेते आणि चाकांनी उडवलेला चिखल थेट काचेवर आणून टाकते.

'बाहेरून येतं' म्हणतानाही जपून. त्याच गाडीला मी सेंट्रल लॉकिंग बसवून घेतलं. कारागिराने मूळ वायर कापून पीळ मारला, वर टेप गुंडाळली. पुढच्या पावसाळ्यात दारं आपली आपण उघडायची. वायर न कापता कपलरला (वायरच्या टोकाच्या प्लगला) कपलर जोडणार का, हे आधी विचारा; कापलेल्या वायरिंगवरून वॉरंटीतही वाद होतो.

अलॉय व्हीलला, म्हणजे वरच्या मॉडेलला मिळणाऱ्या मिश्रधातूच्या, बहुधा मोठ्या रिमच्या चाकांना, माझा रुकार नाही. समजा, खालच्या मॉडेलला १६५/८० आर१४ टायर आहे आणि वरच्याला १८५/६५ आर१५. पहिला आकडा टायरची रुंदी (मिमी), दुसरा बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या किती टक्के ते, शेवटचा रिमचे इंच. पहिल्याची बाजूची भिंत १६५ चे ८० टक्के, म्हणजे १३२ मिमी. दुसऱ्याची जेमतेम १२०. चाकाची एकूण उंची जवळपास तेवढीच, पण खड्डा झेलणारं रबर १२ मिमीने कमी. कंबर दुखणाऱ्याने हा हिशेब करावाच.

टेस्ट ड्राइव्हला बहुतेक वेळा टॉप मॉडेलच देतात, कारण उघड आहे. चालवा, पण मग तुमच्या मनातलं व्हेरियंट उभं असेल तिथे जाऊन त्यातही बसा. सनरूफवालं घेणार असाल तर घरातल्या सर्वांत उंच माणसाला मागे बसवून बघा. काही गाड्यांत छत चांगलं दोन बोटं खाली आलेलं असतं.