बारक्या पोरांचं हॅलोविन: न्यू जर्सीतल्या आईबाबांसाठी तयारीची यादी

पहिलं काम खरेदीचं नाही, ठरवण्याचं आहे. मूल पाच-सहा वर्षांच्या आतलं असेल, तर ३१ ऑक्टोबरच्या संध्याकाळी जे काही होईल ते तासाभरात आटोपणार, हे आधीच मनाशी पक्कं करून टाका. एडिसन-प्लेन्सबरोच्या भागात त्या दिवशी सूर्य सहाच्या आतच मावळतो, गारठा पडतो, आणि शाळेत परेड असली तर पोरं तिथेच निम्मी दमलेली असतात. म्हणून लहानग्यांचं खरं हॅलोविन आधीच्या दोन-तीन आठवड्यांत उजेडी साजरं करायचं आणि ३१ तारखेला वेश घालून दारोदार खाऊ मागायला फक्त आपल्या गल्लीत एक चक्कर मारायची, असा माझा हिशोब. पुढची सगळी यादी त्याच हिशोबाने आहे.

सप्टेंबर संपता संपता टाउनशिपच्या लायब्ररीचं ऑक्टोबरचं कॅलेंडर उघडून बसा. गोष्टींचा तास, छोटे भोपळे रंगवणं, वेशभूषेची मिनी परेड असं सगळं तिथे फुकट असतं, पण जागा मोजक्या असतात, नोंदणी लागते आणि बऱ्याच ठिकाणी लायब्ररी कार्डवाल्या गावकऱ्यांना आधी संधी मिळते. त्याच बैठकीत टाउनशिपच्या रिक्रिएशन डिपार्टमेंटचं पान बघा. ट्रंक-ऑर-ट्रीटची तारीख बहुतेकदा तिथे सापडते. नवीन आलेल्यांसाठी सांगते: शाळेच्या, चर्चच्या किंवा पालिकेच्या पार्किंगमध्ये गाड्या ओळीने लावतात, डिक्क्या सजवतात आणि मुलं एका डिक्कीपासून दुसरीपर्यंत चालत जाऊन खाऊ गोळा करतात. पायऱ्या नाहीत, रस्ता ओलांडायचा नाही, अंधार नाही. दोन-तीन वर्षांच्या मुलासाठी यापेक्षा सोयीचं काही नाही. चर्चच्या आवारात असलं तरी बिनधास्त जा, सगळ्यांसाठी खुलं असेल तर तसं पत्रकावर लिहिलेलं असतं. मात्र काही ठिकाणी येताना खाऊचं एक पाकीट आणायला सांगतात, ती ओळ वाचायची राहू देऊ नका. शाळेच्या दप्तरातून येणारे रंगीत कागदही आठवडाभर तरी फेकू नका. गावातल्या मेन स्ट्रीटवरचे दुकानदार कुठल्या दुपारी खाऊ वाटणार, हे अनेकदा त्यातच कळतं.

कार्यक्रम निवडताना ‘फॅमिली’ या शब्दावर विसंबू नका, वेळ आणि वयोगट बघा. जॅक्सनच्या सिक्स फ्लॅग्ज या करमणूक पार्कमधला फ्राइट फेस्ट दिवसा मुलांना चालण्यासारखा असतो. अंधार पडला की तीच जागा रंगवलेल्या भुतांच्या ताब्यात जाते आणि चार वर्षांचं मूल घरी येऊन पुढचे आठ दिवस दिवा लावून झोपतं. न्यू यॉर्कची व्हिलेज हॅलोविन परेड १९७०च्या दशकापासून चालू आहे, बघण्यासारखीही आहे, पण सिक्स्थ अॅव्हेन्यूच्या त्या गर्दीत रात्री स्ट्रोलर घेऊन जाणं म्हणजे स्वतःचे हाल स्वतः करून घेणं. त्यापेक्षा होबोकेनची रॅगामफिन परेड करा. ती मुळातच मुलांची आहे. ब्रॉन्क्स झूचा बू अॅट द झूही दिवसाउजेडी होतो. अंधाराची थोडी गंमत द्यायचीच असेल तर हडसनच्या काठावर क्रोटनला ‘ग्रेट जॅक ओ’लँटर्न ब्लेझ’ असतो. हाताने कोरलेले सात हजारांहून जास्त भोपळे पेटलेले असतात आणि मुलांच्या अंगावर कुणी धावून येत नाही. तिकिटावर वेळ ठरलेली असते आणि शनिवार-रविवारच्या सोयीच्या वेळा लवकर संपतात, म्हणून हे तिकीट यादीत सगळ्यांत वर.

भोपळ्याच्या मळ्यावर जायचं तर शक्यतो आठवड्याच्या मधल्या दिवशी, शाळा सुटल्यावर. प्रिन्स्टनजवळचं टरह्यून ऑर्चर्ड्स किंवा चेस्टरचं ऑलस्टीड फार्म्स, दोन्हीकडे ऑक्टोबरच्या रविवारी निम्मं एडिसन भेटतं, आणि ओळखीच्यांना ‘अरे, तुम्ही पण!’ म्हणण्यातच तास जातो. पावसाळी बूट, कपड्यांचा जादा जोड आणि ओले रुमाल गाडीत ठेवा. पाऊस नसला तरी चिखल असतोच. भोपळा निवडताना देठ घट्ट आहे ना आणि बूड बोटाने दाबून मऊ लागत नाही ना, एवढं बघा. देठाला धरून उचलू मात्र नका, तुटतो.

कोरायचा भोपळा २८-२९ तारखेच्या आधी कोरू नका. कोरल्यावर तो काही दिवसांतच आतून बुरशी धरतो आणि ऑक्टोबर उबदार असला तर त्याहून लवकर. सुरी मोठ्यांच्या हातात, गर उपसायचं काम मुलांचं. तीन वर्षांच्या मुलाला एक मोठा चमचा, जुना टी-शर्ट आणि जमिनीवर पसरलेला पेपर दिला की अर्धा तास निघतो. आत मेणबत्ती नको, बॅटरीचा दिवा ठेवा, कारण झगे घातलेली मुलं त्याच पायरीवरून जा-ये करतात. बिया धुऊन, वाळवून, मीठ-तिखट लावून ओव्हनमध्ये भाजा. गराचे घारगे करायचा मोह होईल, पण कोरायचा मोठा भोपळा पाणचट आणि रेषाळ निघतो. घारग्यांसाठी त्याच मळ्यावरून छोटा शुगर पंपकिन वेगळा घ्या, त्याचा गोडवा आपल्या लाल भोपळ्याच्या जवळ जातो.

कपड्यांचं काम ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात उरका, कारण लहान मापं आधी संपतात. त्याआधी गावातल्या बाय नथिंग ग्रुपवर, म्हणजे वस्तू फुकट देण्याघेण्याच्या ऑनलाइन ग्रुपवर, विचारा. एका संध्याकाळीपुरता वापरलेला ड्रॅगन लोक आनंदाने देऊन टाकतात. माप एक घर मोठं घ्या, आत स्वेटर किंवा थर्मल मावला पाहिजे. नाहीतर राजकन्येवर जाडं जॅकेट चढवायची वेळ येते आणि पायरीवरच रडारड सुरू होते. लेबलवर ‘फ्लेम रेझिस्टंट’ आहे का बघा. झगा घोट्याच्या वर हवा. मुखवटा टाळा, कारण त्यातून बाजूचं दिसत नाही. तोंड रंगवायचं असेल तर दोन दिवस आधी मनगटावर थोडा रंग लावून पुरळ उठत नाही ना बघा. आणि नुकतंच डायपर सुटलेलं मूल असेल तर पाठीवर चेन असलेला एकसंध पोशाख घेऊच नका. का, ते सांगायला नको. फुगीर, कापूस भरलेला पोशाख घालून कार सीटचे पट्टे लावू नका, ते सैल राहतात. पोहोचल्यावर घाला.

गणेशोत्सवाच्या वेशभूषा स्पर्धेतला मावळा किंवा नऊवारीतली झाशीची राणी कपाटात असेल तर नवीन खर्च कशाला? फक्त तलवार घरी राहील हे आधीच पटवून ठेवा. बहुतेक शाळा कुठलंही हत्यार, पुठ्ठ्याचंसुद्धा, आत घेऊ देत नाहीत. शाळेत पोशाख चालतात का, परेड आहे की नुसती ‘फॉल पार्टी’, हेही बाईंना आधी विचारा. प्रत्येक शाळेची तऱ्हा वेगळी.

आता दारात वाटायचा खाऊ. किती लागेल हे इंटरनेट सांगू शकत नाही, शेजारी सांगतात. फुटपाथ असलेल्या सलग घरांच्या वसाहतीत झुंबड येते, तर हमरस्त्यावरच्या घरात चार मुलंही येत नाहीत. कॉस्टकोची मोठी पिशवी सप्टेंबरपासून मिळते, पण आणली तर अशा ठिकाणी ठेवा जिथून आपणच ती संपवणार नाही. घरी केलेले बेसनाचे लाडू, चिवडा, चिक्की, कितीही प्रेमाने बांधलेलं असलं तरी वाटू नका. इथले आईबाप कारखान्याचं सीलबंद वेष्टन नसलेलं काहीही टाकून देतात. चिक्कीत तर शेंगदाणा.

अॅलर्जीचा विचार करून थोडं न खाण्यातलंही ठेवा: स्टिकर, छोटी पेन्सिल, बुडबुड्यांची बाटली. असं काही ठेवलं असेल तर दारात हिरवट-निळा भोपळा ठेवायची पद्धत आहे. ‘फेअर’ या अन्न-अॅलर्जीवर काम करणाऱ्या संस्थेने ती २०१४ साली देशभर नेली. ज्यांच्या मुलाला शेंगदाणा चालत नाही ते असे भोपळे शोधतच फिरत असतात.

शाकाहारी घरांनी जास्तीचं एक काम करायचं. बाहेरच्या मोठ्या पिशवीवरच्या घटकांचा फोटो दुकानातच काढून ठेवा, कारण आतल्या इवल्या पाकिटांवर बहुधा पूर्ण यादी नसते. स्टारबर्स्ट, मार्शमेलो आणि बऱ्याच गमी गोळ्यांत जिलेटिन असतं. स्निकर्स, मिल्की वे आणि थ्री मस्केटिअर्समध्ये अंड्याचा पांढरा भाग असतो, हे अनेक वर्षं इथे राहिलेल्यांनाही ठाऊक नसतं. काय चालतं आणि काय नाही हा प्रत्येक घराचा प्रश्न, पण ते मुलाला आधीच सांगा. पिशवीतून हिसकावून घेताना सांगितलं तर ते त्याला कधीच पटणार नाही. त्यापेक्षा अदलाबदलीचा सौदा ठरवून ठेवा: न चालणाऱ्या दोन गोळ्यांच्या बदल्यात चालणारं एक चॉकलेट.

भारतातून आजी-आजोबा आलेले असतील तर दाराची गादी त्यांची. पण दोन गोष्टी सांगून ठेवा. एक, आजीचा हात सढळ असतो. मुठी भरभरून दिल्या तर साडेसहालाच परात रिकामी होते. प्रत्येकाला एक किंवा दोन. दुसरं, आठच्या सुमाराला मिसरूड फुटलेली उंच मुलं येतील, त्यांनाही विनातक्रार द्यायचं, ‘केवढा घोडा झालास’ म्हणायचं नाही. शेजारच्या अंगणातला सांगाडा आणि थडगी बघून आजोबा नाराज झाले तर वाद घालू नका. चार वाजता फुलपाखरू झालेली पहिली चिमुरडी दारात आली की तो विषय मिटतो.

अपार्टमेंटमध्ये राहत असाल तर कॉम्प्लेक्सच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आठवडाभर आधी यादी फिरवा: कोण खाऊ ठेवणार, कुठली इमारत, कुठला मजला. तसं काही जमत नसेल तर सलग घरांच्या वसाहतीतल्या मित्राकडे जा. आधी विचारून, आणि त्याच्या दाराच्या परातीत भर घालायला एक पिशवी घेऊन.

३० तारखेची रात्र जर्सीत मिस्चिफ नाइट म्हणून ओळखली जाते. टवाळ पोरं अंडी मारतात, झाडांवर टॉयलेट पेपर टाकतात. गाडी गॅरेजमध्ये, कोरलेले भोपळे घरात. काही गावांत त्या रात्री मुलांना संचारबंदीही असते. हवामान आणि टाउनशिपची सूचना याच दिवशी बघा. २०१२ साली सँडी वादळ २९ ऑक्टोबरला किनाऱ्यावर आदळलं तेव्हा गव्हर्नर ख्रिस ख्रिस्टींनी आदेश काढून सगळ्या राज्याचं हॅलोविन ५ नोव्हेंबरवर ढकललं होतं.

३१ तारखेला पाचलाच पोटभर वरणभात घालून बाहेर पडा. उपाशी मूल पहिल्याच गोळीवर तुटून पडतं. चार वर्षांखालच्या मुलाला कडक गोळ्या, शेंगदाणे, पॉपकॉर्न अजिबात नाही, घशात अडकतात. निघण्याआधी घरातल्याच दारावर एकदा तालीम करा: बेल वाजवायची, ‘ट्रिक ऑर ट्रीट’ म्हणायचं, एकच उचलायचं, ‘थँक यू’ म्हणायचं. बुजऱ्या मुलाने नुसता हात हलवला तरी लोक खूश असतात. पोर्चचा दिवा बंद असेल ते घर सोडून द्या. लॉन तुडवू नका, वाटेनेच जा. पिशवी छोटी द्या. मोठी बादली पाच घरांनंतर तुमच्याच हातात येते.

विषारी गोळ्यांची भीती दरवर्षी व्हॉट्सअॅपवर फिरते. डेलावेअर विद्यापीठातले समाजशास्त्रज्ञ जोएल बेस्ट १९५८पासूनच्या बातम्या तपासत आले आहेत. अनोळखी माणसाने वाटलेल्या खाऊतल्या विषाने मूल दगावल्याचं एकही सिद्ध झालेलं उदाहरण त्यांना सापडलेलं नाही. उघडलेलं वेष्टन दिसलं तर टाकून द्या, बस. भ्यायचं ते गाड्यांना. अमेरिकेतल्या १९७५ ते २०१६ या काळातल्या नोंदींवर ‘जामा पेडिअॅट्रिक्स’मध्ये आलेल्या अभ्यासानुसार, हॅलोविनच्या संध्याकाळी पादचाऱ्यांच्या मृत्यूचा धोका आधीच्या-नंतरच्या आठवड्यातल्या त्याच संध्याकाळींपेक्षा ४३ टक्के जास्त असतो. म्हणून टॉर्च, कपड्यांवर चमकणारी पट्टी, मनगटावर उजळणारी कांडी. रस्त्याच्या एका बाजूची सगळी घरं आधी, मग कोपऱ्यावरून एकदाच ओलांडून दुसरी बाजू. तिघाचौघांच्या घोळक्यात प्रत्येक मूल कुणाच्या ताब्यात हे निघतानाच ठरवा. ‘मला वाटलं तुझ्याजवळ आहे’ हे वाक्य त्या संध्याकाळी नको.

मूल ‘आता घरी’ म्हणालं की त्याच घरापासून वळा, पिशवीत तीन गोळ्या असल्या तरी. बऱ्याच चिमुरड्यांना मागण्यापेक्षा दारात बसून वाटण्यात जास्त मजा येते, आजीशेजारी एक पाट ठेवा. रात्री पिशवी जमिनीवर ओतून रंगांप्रमाणे, आकाराप्रमाणे ढीग करू द्या, दोन गोळ्या निवडू द्या, दात घासा. उरलेल्याचं काय ते दुसऱ्या दिवशी. काही डेंटिस्ट गोळ्या विकत घेतात आणि सैनिकांना पाठवतात, आपल्या डेंटिस्टकडे विचारून बघा. चॉकलेट कुत्र्याच्या तोंडापासून उंच ठेवा.

दिवाळी जवळ असते, तीही जमेत धरा. २०२४ला तर इथे लक्ष्मीपूजन ३१ ऑक्टोबरलाच आलं होतं, एका हातात पणती आणि दुसऱ्या हातात गोळ्यांची परात. २०२६ला लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे, म्हणजे भोपळे उचलून पायऱ्या धुवायला आणि रांगोळीला जागा करायला आठवडा मिळेल. त्या वर्षी ३१ तारीख शनिवारी येते, शाळेची घाई नाही. पण त्याच रात्री घड्याळं तासभर मागे जातात. मोठ्यांना वाटेल एक तास झोप जास्त मिळाली. पोरं जुन्याच वेळेला उठणार, म्हणजे पहाटे पाचला, आणि उठल्या उठल्या पिशवी शोधणार. रात्री झोपण्याआधी ती फ्रीजच्या वर ठेवा.